गोकुळ रोडवरचं एक घर आणि राज्यघटनेतला हक्क : समलिंगी विवाहाचा प्रश्न नेमका कुठं अडलाय?

हुबळीचा गोकुळ रोड म्हणजे पोटापाण्यासाठी आलेल्यांचा रस्ता. विमानतळ इथेच, वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाचं मुख्य कार्यालय इथेच आणि औद्योगिक वसाहतही इथेच. बेळगाव, खानापूर, कारवारकडून कामाला आलेली माणसं या भागात भाड्याने राहतात. घरमालकाशी कानडी, घरात मराठी, कामावर दोन्ही. चौकशी होते ती एवढीच : काम कुठं, गाव कुठलं आणि घरात कोण कोण?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काही जणांना देता येत नाही. समजा, दोन बायका या रस्त्याच्या मागच्या गल्लीत दहा वर्षं एकत्र राहतात. शेजारीपाजारी त्यांना मैत्रिणी समजतात. एकीला कामावर अपघात झाला, तर दवाखान्यात सही कुणी करायची? ती गेली तर भरपाई, पीएफ, घरातलं सामान कुणाचं? दहा वर्षं जिने स्वयंपाक केला, दुखणंखुपणं काढलं, तिचं कायद्याच्या कागदावर नावच नाही. दहा वर्षांत एकदाही न आलेला भाऊ मात्र वारस म्हणून उभा राहू शकतो.

हे उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली अडचण कल्पित नाही. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा अधिकार नाकारणं हा घटनेतल्या मूलभूत हक्कांचा भंग आहे का, हा प्रश्न याच अडचणीतून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उत्तर आलं, पण त्यातून वाद मिटला नाही.

‘बंदी’ म्हणजे नेमकं काय?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. भारतात समलिंगी जोडप्याने एकत्र राहणं हा गुन्हा नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कलम ३७७ मधला तो भाग एकमताने रद्दबातल केला. हार घालून, चार माणसं बोलावून समारंभ केला तरी तो गुन्हा होत नाही. यवतमाळमध्ये २०१७ च्या अखेरीस असा समारंभ झाला आणि महाराष्ट्रभर त्याची चर्चा झाली. नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी एकमेकींना अंगठी घातली.

अडतं ते पुढे, नोंदणीच्या टेबलावर. हिंदू विवाह कायद्यात वर आणि वधू असे शब्द आहेत. धर्म बाजूला ठेवून लग्न करणाऱ्यांसाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्याच्या कलम ४ ची सुरुवात ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ अशी होते, पण पुढे वयाची अट येते : पुरुषाला २१ वर्षं पूर्ण, स्त्रीला १८. म्हणजे दार उघडं दिसतं आणि उंबरठ्यावर अडवलं जातं. इथे कुणाला शिक्षा होत नाही, नोंद होत नाही एवढंच. पण पीएफ, वारसा, दत्तक, कुटुंब निवृत्तिवेतन, रेल्वेचा पास, आयकरातली सूट हे सगळं त्या एका नोंदीला बांधलेलं आहे. हुबळी हे नैऋत्य रेल्वेचं मुख्यालय. रेल्वे कामगाराच्या घरात ‘फॅमिली’ या शब्दाची किंमत काय असते, हे इथल्यांना वेगळं सांगायला नको.

१७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल

सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात वीसेक याचिका होत्या. कर्नाटकातल्या कार्यकर्त्या अक्कै पद्मशाली यांचीही त्यात याचिका होती. एप्रिल-मे २०२३ मध्ये दहा दिवस सुनावणी चालली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. संजय किशन कौल, न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. पी. एस. नरसिंहा यांचं पीठ होतं.

काही मुद्द्यांवर पाचही जण एका मताचे होते. लग्न करण्याचा असा स्वतंत्र मूलभूत हक्क घटनेत नाही. विशेष विवाह कायदा रद्दही करता येणार नाही आणि त्यात नवे शब्द घालून वाचताही येणार नाही, ते काम संसदेचं. आणि तृतीयपंथी व्यक्ती भिन्नलिंगी नात्यात असेल, तर तिला आजच्याच कायद्यांनुसार लग्न करता येतं.

फूट पडली ती पुढच्या पायरीवर. चंद्रचूड आणि कौल यांचं म्हणणं असं, की जोडीदार निवडून त्याच्यासोबत आयुष्य काढण्याचा हक्क घटनेतून येतो, आणि अशा नात्याला काहीच मान्यता न देणं हा समलिंगी व्यक्तींशी भेदभाव ठरतो. दत्तक घेताना जोडप्याला दोन वर्षांच्या स्थिर वैवाहिक नात्याची अट घालणारा नियमही त्यांनी चुकीचा ठरवला. भट, कोहली आणि नरसिंहा यांनी हे मान्य केलं नाही. दोघांनी एकत्र राहावं, त्यांना कुणी त्रास देऊ नये, इथपर्यंत ठीक. पण त्या नात्याला कायदेशीर दर्जा द्यायला सरकारवर घटनेची सक्ती नाही, असं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं. ९ जानेवारी २०२५ रोजी न्या. भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने फेरविचार याचिकाही फेटाळल्या.

म्हणजे आज कुणी विचारलं, की लग्न नाकारल्याने घटनाभंग होतो का, तर कायद्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. चंदगड-गडहिंग्लजचा माणूस ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातो, बेळगाव-खानापूरचा धारवाडच्या खंडपीठाकडे. सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल दोन्हीकडे सारखाच बांधील आहे.

भंग होतो म्हणणाऱ्यांचा मुद्दा

तरीही ‘होतो’ म्हणणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. त्यांची साखळी सरळ आहे. २०१४ च्या नालसा निकालाने लिंगओळख ठरवण्याचा हक्क मानला. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरला. ते पुट्टस्वामीही कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. २०१८ मध्ये हादिया प्रकरणात प्रौढ व्यक्तीने कुणाशी लग्न करावं हे ठरवायचा अधिकार कलम २१ मध्ये बसवला गेला. त्याच वर्षी कलम १५ मधल्या ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलही येतो, असं नवतेज निकालात सांगितलं गेलं.

मग कलम १४ ची नेहमीची कसोटी लावली तर काय दिसतं? सरकार दोन गट करू शकतं, पण गट करण्यामागे कायद्याच्या हेतूशी जुळणारं कारण हवं. विशेष विवाह कायद्याचा हेतू काय? जात-धर्माच्या पलीकडे जाऊन जोडीदार निवडणाऱ्यांना संरक्षण द्यायचं. लग्न मुलंबाळं होण्यासाठी म्हणावं, तर साठीत लग्न करणाऱ्यांना किंवा मूल नको म्हणणाऱ्यांना कायदा अडवत नाही. मग याच जोडप्यांना बाहेर ठेवण्याचं कारण कोणतं, हा त्यांचा प्रश्न.

दुसरा मुद्दा अजून टोकदार आहे. नात्याचा हक्क आहे म्हणायचं आणि त्या नात्यातल्या माणसाला वारस, अवलंबित, कुटुंबीय यांतलं काहीच मानायचं नाही, तर त्या हक्काचा उपयोग काय? पीएफच्या नियमानुसार ज्याला ‘कुटुंब’ आहे त्याला कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीचं नाव लावता येत नाही. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र नसेल तर लांबच्या नातलगांपर्यंत यादी जाते, जोडीदार मात्र त्या यादीत कुठंच नाही. बहुमताच्या बाजूने लिहिताना न्या. भट यांनीही कबूल केलं, की पीएफ, निवृत्तिवेतन, भरपाई यांसारखे लाभ लग्नालाच बांधून ठेवल्याने या जोडप्यांवर अन्याय्य परिणाम होतो. रोग मान्य झाला, फक्त औषध न्यायालयाने द्यायचं नाही असं ठरलं.

होत नाही म्हणणाऱ्यांचा मुद्दा

दुसरी बाजूही नीट ऐकायला हवी, कारण ती निव्वळ ‘संस्कृती बुडेल’ एवढीच नाही. बहुमताचं म्हणणं असं, की लग्न ही संस्था सरकारच्या आधीपासूनची आहे. सरकारने ती निर्माण केलेली नाही, तिचं नियमन केलं आहे. बोलण्याच्या हक्कासाठी सरकारने गप्प बसलं तरी पुरतं. लग्नाच्या मान्यतेसाठी मात्र सरकारला काही उभारावं लागतं : नोंदणी, घटस्फोट, पोटगी, वारसा. असं उभारायला न्यायालय सांगू शकत नाही.

आणि कायदा खरोखरच गुंतलेला आहे. विशेष विवाह कायद्यातच घटस्फोटाची काही कारणं फक्त पत्नीसाठी आहेत, पोटगीचं कलम पत्नीसाठी आहे. दोघेही पुरुष असतील तर पत्नी कोण? एक शब्द बदलला तर बायकांनी मोठ्या लढ्याने मिळवलेलं संरक्षण सैल पडेल का, ही भीतीही निकालात आहे. सुमारे १६० कायदेशीर तरतुदींवर परिणाम होईल, असं सरकारच्या वतीने सांगण्यात आलं होतं.

जगातही एकच उत्तर नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी हा घटनात्मक हक्क मानला. दक्षिण आफ्रिका आणि तैवानमध्ये न्यायालयाने कायदेमंडळाला मुदत घालून दिली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने मात्र २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या जोडप्याला सांगितलं, की लग्न द्यायलाच हवं अशी सक्ती करारात नाही. थायलंडमध्ये संसदेने कायदा केला आणि तो २३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

याच मातीतली जुनी उदाहरणं

लग्नाच्या व्याख्येवरून भांडण हे सीमाभागाला नवीन नाही. आज जातीबाहेर लग्न केलं तर घरात बोलाचाली होते, पण कायदा आडवा येत नाही. शंभर वर्षांपूर्वी तसं नव्हतं. निरनिराळ्या जातींतल्या हिंदूंचं लग्न कायद्याने टिकेल का, याचीच खात्री नव्हती. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला कायदेशीर मान्यता दिली. अशा लग्नांना देशभर सरसकट वैध ठरवणारा हिंदू विवाह वैधता कायदा आला तो १९४९ मध्ये. मधली तीस वर्षं पंचगंगेच्या काठावर जे लग्न होतं, ते दुसरीकडे वादाचा विषय होतं.

दुसरं उदाहरण धारवाडशी जोडलेलं आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हुबळी-धारवाड मुंबई राज्यात होतं. मुंबई सरकारने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घातली. ही बंदी घटनेतल्या समानतेच्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या हक्कांचा भंग करते, असं म्हणून तिला आव्हान दिलं गेलं. १९५१ मध्ये नरसू आप्पा माळी प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी बंदी वैध ठरवली. हेच गजेंद्रगडकर तरुणपणी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकले आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले.

‘होत नाही’ म्हणणारे यातून एक धडा काढतात : लग्न कुणाशी, किती जणांशी, हे ठरवायचा अधिकार कायदेमंडळाचा आहे, आणि विवाहसुधारणा विधिमंडळातूनच आली. ‘होतो’ म्हणणारे दुसरा धडा काढतात : १९४६ ची बंदी घरातल्या दुबळ्या बाजूला, म्हणजे पहिल्या बायकोला, वाचवण्यासाठी होती. आजच्या नकारामुळे कोण वाचतं? बंदी आहे एवढ्याने भागत नाही, ती कुणाच्या भल्यासाठी आहे हे विचारावं लागतं. दोन्ही धडे खरे आहेत, आणि निकालात पहिल्याचं वजन जास्त पडलं.

सौंदत्तीच्या डोंगरावरून तिसरी गोष्ट दिसते. यल्लम्माच्या जत्रेला कोल्हापूर-सांगलीकडून गाड्या भरून माणसं जातात. तिथल्या जोगप्पांपुढे लोक हात जोडतात. जोगती परंपरेतल्या मंजम्मा जोगती यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला. लिंगओळख आणि समलिंगी प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. पण ‘आपल्याकडे असलं काही नव्हतंच’ हे म्हणणं या भागात तरी टिकत नाही. समाजाने जागा दिली होती, ती देवळाच्या वाटेवर. घराच्या उताऱ्यावर दिली नाही.

गोवा : चोर्ल्याचा घाट उतरल्यावर

बेळगावहून चोर्ला घाट उतरलं की कायदाच बदलतो. गोव्यात पोर्तुगीज काळातला नागरी कायदा आजही चालतो. तिथलं लग्न हा नोंदणीचा करार आहे, आणि १९१० च्या पोर्तुगीज हुकुमात तो भिन्न लिंगाच्या दोन व्यक्तींमधला करार असल्याचं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे समान नागरी कायद्याचं उदाहरण म्हणून ज्या गोव्याकडे बोट दाखवलं जातं, तिथेही हे दार बंदच आहे, आणि तेही चोख शब्दांत.

पण ज्या पोर्तुगालने तो कायदा दिला, तिथे पुढे काय झालं? २००९ मध्ये पोर्तुगालच्या घटना न्यायालयाने दोन बायकांची याचिका फेटाळली. घटना समलिंगी विवाहाची सक्ती करत नाही, असं ३ विरुद्ध २ मतांनी ठरलं. आकडेही आपल्याकडच्यासारखेच. पण पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, तिथल्या संसदेने कायदा केला. तेव्हा त्याच न्यायालयाने सांगितलं, की असा कायदा करायला घटनेची मनाईही नाही. ‘घटना सक्ती करत नाही’ याचा अर्थ ‘घटना नको म्हणते’ असा होत नाही. भारतातल्या निकालाचं वाचनही असंच करायला हवं, आणि नेमकं हेच बऱ्याच जणांकडून सुटतं.

निकालानंतर हाती काय लागलं?

केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर काही सूचना निघाल्या, आणि त्या कामाच्या आहेत. संयुक्त बँक खातं उघडायला किंवा खात्यावर जोडीदाराचं नामनिर्देशन करायला अशा जोडप्यांना अडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. रेशन कार्डासाठी एकत्र राहणाऱ्या जोडीदारांना एकच कुटुंब धरा, असं राज्यांना कळवलं गेलं. जवळचे नातलग नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, यासाठी आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहिलं.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना आणखी एक बजावलं : घरच्यांनी कोंडून ठेवलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी जोडीदाराने हेबियस कॉर्पस दाखल केली, तर तिला समुपदेशनाच्या नावाखाली घरी परत पाठवू नका, तिची इच्छा काय ते विचारा. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं, की कुटुंब उभं करायला लग्न हा एकच मार्ग नव्हे. जोडीदाराने दिलेल्या भेटीवरच्या आयकराचा वाद मुंबई उच्च न्यायालयात आला आहे. नवरा-बायकोला जी सूट मिळते ती आम्हाला का नाही, असं तिथे विचारलं गेलंय.

पण सूचना ही सूचनाच. बँकेतल्या किंवा रेशन दुकानातल्या माणसाला ती माहीत नसेल, तर टेबलावर पुन्हा तोच प्रश्न येतो : तुमचं यांच्याशी नातं काय? मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, संयुक्त करार, वैद्यकीय संमतीचा कागद असे मार्ग आहेत. वकील गाठून चार कागद करून ठेवणं शहाणपणाचंच. पण लग्न झालेल्यांना एका सहीत जे मिळतं, ते यांना दहा कागदांत गोळा करावं लागतं, आणि तरी पुरं पडत नाही.

पुढची वाट बेंगळुरू-मुंबईतूनही जाते

न्यायालयाने प्रश्न संसदेकडे सोपवला म्हणून सगळं दिल्लीवर सोडायची गरज नाही. विवाह हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत, पाचव्या नोंदीत आहे. म्हणजे राज्यांच्या विधानसभाही कायदा करू शकतात. केंद्रीय कायद्याशी विरोध आला तर राष्ट्रपतींची संमती लागते. हे नुसतं पुस्तकी नाही. पुरोहिताशिवाय होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना तमिळनाडूने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून वैध केलं. आणि पूर्ण लग्न दूर असेल, तरी राज्याच्या हातात बरंच आहे : सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनाचे नियम, सरकारी दवाखान्यातलं संमतीपत्र, परिवहन महामंडळाच्या सवलती. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकरभरतीत तृतीयपंथीयांना एक टक्का आरक्षण दिलं, तेही नियमात दुरुस्ती करून.

राजकीय इच्छेचं चित्र मात्र फारसं आशादायक नाही. २०२३ मध्ये केंद्राने राज्यांची मतं मागवली, तेव्हा सुनावणी संपेपर्यंत सातच उत्तरं आली होती. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध केला. महाराष्ट्राने आणखी चर्चा हवी असं कळवून वेळ मागितला. कर्नाटकाचं त्या सातांत नाव नव्हतं, इथे तेव्हा विधानसभेची निवडणूक होती. सीमाप्रश्नावर एकमेकांपुढे उभी राहणारी ही दोन्ही राज्यं या प्रश्नावर मात्र सारखीच गप्प आहेत.

तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत द्यायचं तर असं : सर्वोच्च न्यायालयाच्या मते लग्न नाकारल्याने मूलभूत हक्काचा भंग होत नाही. पण त्या नकारामुळे होणारा अन्याय खरा आहे, हे त्याच निकालात लिहिलेलं आहे. अन्याय मान्य झाल्यावर तो दूर करायचा की नाही, हे आता न्यायमूर्ती ठरवणार नाहीत, मतं मागायला दारात येणारे ठरवतील. गोकुळ रोडच्या मागच्या गल्लीतही ते येतातच. त्या दोघींचीही नावं मतदार यादीत आहेत, एकाच पत्त्यावर, एकाखाली एक. सरकारच्या एका कागदावर तरी त्या एका घरात आहेत. बाकीच्या कागदांचं काय, हे विचारायची जागा तीच.